जास्त डीपीआयवाला स्वस्त कसा? वायरवाला गेमिंग माऊस घेण्याआधी

प्रश्न रत्नागिरीच्या एका मुलाचा आहे, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे तो. थोडक्यात असा: "दादा, बजेट दोन हजार. व्हॅलोरंट खेळतो, अधूनमधून सीएस 2, दोन्ही बंदुकीच्या नेमबाजीचे गेम. ऑनलाइन 900 रुपयांत 16,000 डीपीआयचा माऊस दिसतोय आणि नावाजलेल्या कंपनीचा 8,000 वाला त्याच्या जवळजवळ दुप्पट भावाला. जास्त डीपीआयवाला स्वस्त कसा? वायरवाला घेऊ की वायरलेस? आणि आधीचा माऊस वर्षभरात एकदा दाबलं तरी डबल क्लिक करायला लागला. परत तसं होऊ नये म्हणून काय बघू? माझा हात लहान आहे."

मी डोंबिवलीत पीसी जोडून देतो आणि दुरुस्तही करतो. माल बराचसा लॅमिंग्टन रोडवरून येतो. माझ्या टेबलाखाली बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा आहे, त्यात मेलेले माऊस पडलेले असतात. कुणाचा स्विच, कुणाचं चाक, कुणाचा स्क्रू दुसऱ्याच्या उपयोगी पडतो म्हणून मी ते टाकत नाही. तुझा प्रश्न वाचल्यावर तो डबा टेबलावर ओतला आणि कोण कशाने गेला ते बघत बसलो. क्लिकने गेलेले सगळ्यात जास्त. त्याखालोखाल वायर. मग स्क्रोलचं चाक. दोन-तीन नुसते चिकट झाले म्हणून मालकांनी सोडून दिलेले. सेन्सर, म्हणजे माऊसची हालचाल मोजणारा पोटातला भाग, खराब झाला म्हणून आलेला त्यात एकही नाही. आणि नव्या माऊसच्या खोक्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं ते सेन्सरबद्दलच.

तर आधी त्या 16,000 चा हिशोब करू. डीपीआय म्हणजे माऊस एक इंच सरकला की तो कॉम्प्युटरला किती पावलं मोजून सांगतो तो आकडा. 800 डीपीआयवर 1920 पिक्सेलचा स्क्रीन या टोकापासून त्या टोकापर्यंत ओलांडायला माऊस 2.4 इंच, म्हणजे साधारण 6 सेंटिमीटर सरकवावा लागतो. 16,000 वर तेच अंतर 3 मिलिमीटरमध्ये संपतं. तीन मिलिमीटर! श्वास घेताना हात हलतो तेवढ्यात क्रॉसहेअर, म्हणजे स्क्रीनवरची नेमाची खूण, भिंतीवरून छतावर जाईल. त्या आकड्यावर कुणी खेळत नाही, खेळूही शकत नाही.

मग स्वस्त माऊसवर तो आकडा येतो कुठून? बऱ्याचदा आतला सेन्सर मुळात तीन-चार हजारांपर्यंतच मोजू शकणारा असतो. पुढचा आकडा गुणाकाराने काढलेला असतो. सेन्सरने एक पाऊल मोजलं की आतली चिप चार पावलं सांगते. दूधवाल्याने पाणी घालून लिटर वाढवावेत तसं. लिटर खरोखर वाढतात, दूध तेवढंच राहतं. नावाजलेल्या कंपनीच्या 8,000 मध्ये निदान मोजमाप प्रामाणिक असण्याची शक्यता जास्त. म्हणून जास्त डीपीआयवाला स्वस्त.

सेन्सरचं बघायचंच असेल तर आकड्याऐवजी नाव बघ. वर्णनात पिक्सआर्ट कंपनीचा 3325, 3327, 3335, 3360, 3389, 3395 यांपैकी काही लिहिलं असेल तर तुझ्या कामाला पुरेसं आहे. यातला 3325 सगळ्यात साधा, 3395 बराच वरचा. लॉजिटेकचे मर्क्युरी आणि हीरो हेही चालतील. सेन्सरचं नावच कुठे दिलेलं नाही, फक्त 'हाय प्रिसिजन गेमिंग सेन्सर' आणि खाली इंद्रधनुष्य, असा माऊस असेल तर मी हात लावत नाही. वेगाचा आकडाही खोक्यावर असतो, 200 आयपीएस वगैरे. तो सेकंदाला इंच असा आहे. 200 म्हणजे सेकंदाला पाच मीटर. तुझ्या टेबलावर तेवढी जागा नाही आणि खांद्यात तेवढा जोरही नाही, तेव्हा तो विषय सोड.

जागेचा विषय मात्र सोडू नकोस. इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण माऊस निवडताना हे कुणीच मोजत नाही.

व्हॅलोरंट गंभीरपणे खेळणारे लोक डीपीआय आणि खेळातला सेन्स, म्हणजे माऊस हलवला की नजर किती फिरेल ते ठरवणारा आकडा, यांचा गुणाकार करतात, त्याला ईडीपीआय म्हणतात. व्यावसायिक खेळाडूंचा हा आकडा साधारण 200 ते 400 च्या मध्ये असतो. तू 800 डीपीआय आणि 0.35 सेन्स ठेवलास तर तो 280 झाला. या सेटिंगवर खेळात पूर्ण एक गिरकी घ्यायला माऊस सुमारे 46 सेंटिमीटर सरकवावा लागतो. मागून पावलं वाजली म्हणून अर्धं वळायचं, तर 23 सेंटिमीटर. सीएस 2 मध्ये तोच हात ठेवायचा असेल तर व्हॅलोरंटच्या सेन्सला 3.18 ने गुण. 0.35 चे 1.11 होतात, बाकी काही बदलायला नको.

आता उठ आणि पट्टी घेऊन टेबल मोज. आपल्याकडच्या बहुतेक घरांत कॉम्प्युटर टेबलाला कीबोर्डसाठी खाली सरकता कप्पा असतो. त्यात नंबरपॅडवाला पूर्ण कीबोर्ड ठेवला की उजवीकडे माऊसला जेमतेम वीतभर जागा उरते. वीसेक सेंटिमीटर. शिवाय कप्पा रुळांवर डुगडुगतो, म्हणजे माऊस जोरात फिरवला की खालची जमीनच हलते. असा मुलगा 'माझा एम लागत नाही', म्हणजे नेम लागत नाही, म्हणून नवा माऊस घ्यायला येतो. माऊस घेऊन जातो, आणि एम तरीही लागत नाही. मी अशांना आधी माऊस वर टेबलावर घ्यायला सांगतो, कीबोर्ड थोडा तिरका किंवा डावीकडे सरकवायला सांगतो, आणि दोन हजारांतले तीन-चारशे मोठ्या कापडी पॅडसाठी बाजूला काढायला लावतो. 45 बाय 40 सेंटिमीटरच्या आसपासचं, कडेला शिवण घातलेलं, खाली रबर असलेलं. चकचकीत सनमायकावर सेन्सर कधी कधी गडबडतो, आणि पारदर्शक काचेवर तर नेहमीचा ऑप्टिकल सेन्सर चालतच नाही. तेव्हा पॅड हवंच.

काहीच हलवता येत नसेल, वीतभरच जागा असेल, तर 500-600 च्या ईडीपीआयवर मनगटाने खेळायची सवय कर. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण मग माऊस हलका आणि लहान हवा. म्हणजे तुझं टेबलच तुझा माऊस ठरवतं.

आता हात. हाताची लांबी मधल्या बोटाच्या टोकापासून मनगटाच्या पहिल्या रेषेपर्यंत मोजायची. 17 सेंटिमीटरच्या आत असेल तर लहान, 19 पर्यंत मध्यम, पुढे मोठा, असा माझा ढोबळ हिशोब. पण लांबीपेक्षा पकड महत्त्वाची. दुकानात मुलगा आला की मी त्याच्याशी काहीतरी वेगळंच बोलत माऊस पुढे सरकवतो आणि तो कसा धरतो ते बघतो. 'तू माऊस कसा धरतोस' असं विचारलं की प्रत्येक जण कधीच धरत नाही तसा धरून दाखवतो.

पूर्ण तळवा टेकवून धरणाऱ्याला मागे फुगीर, उजवीकडे उतार असलेला मोठा माऊस लागतो. रेझरचा डेथअॅडर एसेन्शियल हा त्या घाटाचा, 127 मिलिमीटर लांब आणि वजन शंभर ग्रॅमच्या किंचित आत. तळव्याची टाच टेकवून बोटं वाकवणाऱ्याला, आपण ज्याला क्लॉ म्हणतो, त्याला मधल्या आकाराचा दोन्ही बाजूंनी सारखा माऊस बरा पडतो. फक्त बोटांच्या टोकांनी धरणाऱ्याला जितका लहान आणि हलका तितका चांगला. तुझा हात लहान आहे म्हणालास, म्हणजे डेथअॅडरसारखा मोठा घाट तुला नाव ऐकून घ्यावासा वाटला तरी करंगळी हवेत राहील. करंगळी आणि अनामिका यांनी माऊसची उजवी बाजू नीट पकडली पाहिजे, कारण माऊस उचलून परत मधे ठेवताना सगळा भार अंगठा आणि त्या दोन बोटांवर येतो.

वजनाबद्दल सध्या वेडच लागलंय. 60 ग्रॅम, 55 ग्रॅम, टरफलाला भोकं. फरक पडतो, खोटं नाही. 120 ग्रॅमचा माऊस दोन तास सतत उचलून ठेवला की मनगटाला कळतं. पण 85 आणि 60 मधला फरक तुला दोन दिवस जाणवेल आणि नंतर विसरशील. चुकीच्या आकाराचा माऊस मात्र रोज बोचतो. भोकांच्या माऊसबद्दल एक सांगतो: कोकणातल्या हवेत घामाचा हात, वर पंख्याची धूळ. चार महिन्यांत आत मळाचा थर दिसायला लागतो. ब्रशने साफ करायची सवय असेल तरच घे.

आणि रबरी कोटिंग. हात फिरवला की मखमलीसारखं लागतं, दुकानात सगळ्यांना आवडतं. दोन-तीन पावसाळे गेले की दमट हवेत तो थर सुटायला लागतो आणि माऊस गुळाच्या ढेपेसारखा चिकट होतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून घासून घासून काढावा लागतो, आणि खालून काळं साधं प्लास्टिक निघतं. तेच प्लास्टिक आधीपासून असलेला माऊस घेतला तर हा उद्योगच नको. रत्नागिरीत राहतोस, हे लक्षात ठेव.

आता तुझा खरा दुखरा मुद्दा, डबल क्लिक.

माऊसचं डावं बटण दाबलं की खाली साखरेच्या खड्याएवढं टोक असलेला एक छोटा चौकोनी स्विच दाबला जातो. त्याच्या आत तांब्याच्या मिश्रधातूची एक पातळ पत्ती ताणून बसवलेली असते. दाबली की ती टक्कन खाली उलटते आणि खालच्या संपर्काला टेकते, सोडली की परत वर. आपण ऐकतो तो आवाज या उलटण्याचा. पत्ती टेकताना एकदाच शांतपणे टेकत नाही. कॅरम बोर्डवर सोडलेल्या सोंगटीसारखी दोन-चार वेळा थरथरते, काही मिलिसेकंद. माऊसची चिप तेवढा वेळ कानाडोळा करते आणि सगळी थरथर मिळून एकच क्लिक धरते. पत्तीचा ताण कमी झाला किंवा संपर्कावर ऑक्साइडचा थर चढला की थरथर लांबते, त्या कानाडोळ्याच्या वेळेबाहेर जाते, आणि चिपला वाटतं की तू दोनदा दाबलंस. व्हॅलोरंटमध्ये एक गोळी मारायची तर दोन सुटतात. डेस्कटॉपवर फाइल ओढत नेताना मधेच हातातून पडते.

मग खोक्यावरचे 'एक कोटी क्लिक' गेले कुठे? दिवसाला 5,000 क्लिक धरले तरी एक कोटीला 2,000 दिवस लागतात, म्हणजे साडेपाच वर्षं. आकडा खोटा नसतो, परिस्थिती वेगळी असते. हे स्विच मुळात बऱ्यापैकी करंट वाहायला बनवलेले आहेत. करंट थोडा जास्त असला की संपर्कावरचा बारीक थर त्या ठिणगीतच जळून साफ होतो. माऊसमध्ये अगदी किरकोळ करंट जातो, त्यामुळे थर साचतच राहतो. त्यात समुद्राची खारट दमट हवा. म्हणून तुझा वर्षात गेला, आणि तोच माऊस नागपुरात कदाचित तीन वर्षं चालला असता.

गेल्या वर्षी एक मुलगा पिशवीत पाच माऊस घेऊन आला, पाचही डबल क्लिकवाले. सहा महिन्यांनी एक, असा त्याचा हप्ताच बसला होता. मी एक उघडला. खालचे टेफ्लॉनचे पाय हेअर ड्रायरने गरम करून उचलले, त्याखाली स्क्रू होते. नुसता नखाने पाय ओढलास तर तो वाकतो आणि मग माऊस कायमचा घासत चालतो. आत स्विचची टोपी टाचणीने उचलली आणि पत्ती भिंगाखाली धरली. टेकायच्या जागी मसुराच्या दाण्याच्या टोकाएवढा काळा डाग. बस, एवढंच. बाकी माऊस नवा. स्विचचे तीन पाय डिसोल्डर केले, दुसरा लावला, अर्ध्या तासात काम संपलं. उरलेले चार त्याने समोर बसून स्वतः केले. चौथ्याला बोर्डावरचा तांब्याचा ट्रॅक उचकटला, पण तीन जिवंत झाले.

म्हणून माऊस घेताना दोन रस्ते आहेत. पहिला रस्ता ऑप्टिकल स्विचचा. त्यात बटण दाबलं की प्रकाशाचा किरण सुटतो किंवा अडतो, संदेश त्यावरून जातो. धातूला धातू टेकण्यावर काहीच अवलंबून नाही, त्यामुळे थरथर नाही, ऑक्साइडची भानगड नाही, आपण ज्याला डबल क्लिक म्हणतो तो आजारच नाही. रेझरने हे स्विच स्वस्तातल्या वायपर मिनी आणि कोब्रामध्येही दिलेत. क्लिकचा आवाज थोडा पोकळ वाटतो, काहींना आवडत नाही. आणि गेलाच तर त्याच्या जागी साधा स्विच लावता येत नाही, तसाच शोधावा लागतो. दुसरा रस्ता म्हणजे साधे यांत्रिक स्विच, पण चांगले: ऑम्रॉनचे जपानी, टीटीसीचे गोल्ड, कैल्हचे जीएम 8.0, हुआनोचे. हे बदलता येतात, सुटे मिळतात, आणि सोल्डरिंग येणारा माणूस प्रत्येक तालुक्याच्या गावी आहे. डिप्लोमा करतोयस ना, तो माणूस तूच असायला हवास.

एक फसवा उपाय सांगून ठेवतो. काही माऊसच्या सॉफ्टवेअरमध्ये डिबाउन्सची, म्हणजे त्या कानाडोळ्याची, वेळ वाढवता येते. वाढवली की डबल क्लिक काही दिवस थांबतं, कारण चिप जास्त वेळ कानाडोळा करते. पण आजार आत वाढतच असतो, आणि क्लिकही किंचित उशिरा पोचायला लागतं. परीक्षेच्या आठवड्यापुरतं ठीक.

वायरलेसबद्दल. वायरवाला म्हणजे वेगवान आणि वायरलेस म्हणजे मंद, हे आता जुनं झालं. यूएसबीत लावायच्या छोट्या डोंगलवर चालणारे 2.4 गिगाहर्ट्झचे चांगले वायरलेस माऊस वायरच्या तोडीस तोड आहेत, आणि स्पर्धांमधले बरेच मोठे खेळाडू तेच वापरतात. ब्लूटूथवर मात्र नेमबाजीचे खेळ खेळू नयेत. तरी मी तुला वायरवाला सांगतोय तो पैशांच्या हिशोबाने. दोन हजारांतले काही पैसे बॅटरीवर, काही रेडिओवर, काही डोंगलवर गेले की सेन्सरला आणि स्विचला उरतं काय? वायरवाल्यात सगळे पैसे हाताखाली येतात. बॅटरीचं वजन नाही, ऐन सामन्यात चार्जिंग संपत नाही, आणि डोंगल लॅपटॉपला लावून भाऊ कॉलेजला गेला असं होत नाही.

पण मग वायरची काळजी तुला घ्यावी लागेल. वायर तुटते ती जवळजवळ नेहमी एकाच जागी, माऊसच्या नाकाशी, जिथे ती आत शिरते तिथे. लक्षण ठरलेलं आहे: माऊस एका विशिष्ट कोनात धरला की दिवा चालू, वाकडा केला की बंद, आणि विंडोजचा तो टिंग-टुंग आवाज. खेळून झाल्यावर माऊसभोवती वायर घट्ट गुंडाळून ठेवणाऱ्यांचे माऊस माझ्याकडे लवकर येतात. जाळीदार वेणीची वायर दिसायला दणकट, पण स्वस्तातली असेल तर कडक असते, घडीच्या खुणा जात नाहीत आणि टेबलाच्या कडेला घासून खरखर करते. साधी मऊ रबरी वायर तिच्यापेक्षा बरी. बुटाच्या नाडीसारखी सैल, मऊ वायर, जिला पॅराकॉर्ड म्हणतात, ती सगळ्यात चांगली, कारण ती माऊसला मागे ओढत नाही. नसेल तर मॉनिटरच्या पायाला कागदाची क्लिप लावून वायर त्यातून जरा सैल सोड. वायर उचलून धरणाऱ्या दोनशे-तीनशे रुपयांच्या बंजीचं काम फुकटात होतं. हो, आणि उंदीर. हसू नकोस. तळमजल्यावरच्या घरांतून कुरतडलेल्या वायरी दर पावसाळ्यात येतात.

वायर बदलायची वेळ आली तर एक ध्यानात ठेव: यूएसबीत लाल म्हणजे पाच व्होल्ट, काळी ग्राउंड, हिरवी आणि पांढरी डेटा, हे पुस्तकात बरोबर आहे. माऊसच्या आत कारखानदाराने काय रंग घेतलेत ते त्यालाच ठाऊक. जुनी वायर काढण्याआधी फोटो काढ आणि मल्टिमीटरने कोणती कुठे जाते ते बघ. मी सुरुवातीला रंगांवर विश्वास ठेवून एका गिऱ्हाइकाचा माऊस जाळला होता, नवा घेऊन द्यावा लागला.

पोलिंग रेट पटकन उरकतो. साधा ऑफिसचा माऊस सेकंदाला 125 वेळा, म्हणजे दर 8 मिलिसेकंदांनी खबर देतो. गेमिंगचा 1,000 वेळा, दर मिलिसेकंदाला. हा फरक खरा आहे, 1,000 हवाच. त्यापुढचे 4,000 आणि 8,000 तुझ्यासाठी नाहीत. 60 हर्ट्झच्या मॉनिटरवर एक चित्र 16.7 मिलिसेकंद टिकतं, 144 वर 6.9. जुन्या चार कोअरच्या प्रोसेसरवर 8,000 लावलंस तर माऊसच्या बातम्या वाचण्यातच त्याचा वेळ जाईल आणि खेळ अडखळेल. माऊस मदरबोर्डच्या मागच्या यूएसबीत लाव. कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टची आतली वायर बऱ्याचदा सैल असते. विंडोजमधलं 'एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन' बंद कर. हे बहुतेक शूटिंग गेम त्याला बगल देतात, पण डेस्कटॉपवर एक सवय आणि खेळात दुसरी असं होऊ नये.

सॉफ्टवेअरचंही थोडं. सेटिंग माऊसच्या आतच साठवता येत असेल तर चांगलं, हॉस्टेलच्या किंवा मित्राच्या कॉम्प्युटरला लावला तरी तुझा डीपीआय तोच राहतो. कुठल्या तरी अनोळखी ब्रँडची सेटिंगची फाइल भलत्याच ड्राइव्ह लिंकवरून उतरवावी लागत असेल तर नको. दिव्यांचे रंग बदलण्यासाठी कॉम्प्युटर धोक्यात घालायचा?

तर आता नावं. भाव दर आठवड्याला हलतात, त्यामुळे आकडा घेण्याच्या दिवशी बघ. तुझ्या लहान हाताला, क्लॉ किंवा बोटांच्या पकडीला माझी पहिली पसंती रेझर कोब्रा: 58 ग्रॅम, ऑप्टिकल स्विच, मऊ वायर. बजेटच्या थोडा वर गेला तर सेलची वाट बघ. वायपर मिनी नवा कुठे उरला असेल तर 61 ग्रॅमचा तोही डोळे झाकून. दोन्ही 8,500 डीपीआयचे, आणि तुझ्या 800 साठी ते दहापटीने जास्त आहेत. त्यापेक्षा कमी पैशांत लॉजिटेक जी102. 85 ग्रॅम, 8,000 डीपीआय, लांबी 117 मिलिमीटरच्या आसपास, सरळ साधा घाट, जवळजवळ कुणाच्याही हातात बसतो. स्विच यांत्रिक आहेत, म्हणजे तुमच्या हवेत ते कधीतरी बदलावे लागतील हे धरून चाल. उघडायला सोपा आहे. उरलेल्या पैशांत चांगलं पॅड येतं, आणि तुझ्या जागी मी असतो तर हाच घेतला असता. हायपरएक्स पल्सफायर हेस्ट 59 ग्रॅमचा छान माऊस आहे, पण भोकांचा आणि 124 मिलिमीटर लांब. तुझ्या हाताला आणि तुझ्या गावाच्या हवेला दोन्हीला नाही. झोवी कंपनीचे घाट उत्तम, बजेटच्या बाहेर. 900 रुपयांचा तो 16,000 वाला घेऊ नकोस. हजाराच्या आतच घ्यायचं असेल तर सेन्सरचं नाव स्पष्ट लिहिणारा आणि बिलावर वॉरंटी देणारा एखादा देशी ब्रँड बघ.

घरी आला की परत करायची मुदत संपायच्या आत तीन गोष्टी कर. एक, पेंटमध्ये अगदी सावकाश तिरकी रेघ ओढ. ती सरळ करून दाखवत असेल तर सेन्सर लबाडी करतोय, हाताने ओढलेली रेघ थोडी थरथरलेलीच हवी. दोन, व्हॅलोरंटच्या सरावाच्या रेंजमध्ये भिंतीवरच्या एका खुणेवर क्रॉसहेअर ठेव, माऊस पॅडच्या डाव्या कडेला टेकव. उजवीकडे जितक्या जोरात जमेल तितक्या जोरात फिरव, मग अगदी हळू परत डाव्या कडेला आण. क्रॉसहेअर त्याच खुणेच्या आसपास परत आला पाहिजे. अर्ध्या स्क्रीनने चुकला तर माऊस परत. तीन, एखादी फाइल धरून स्क्रीनभर मिनिटभर ओढत फिरव. एकदाही पडता कामा नये. चाकही पुढे-मागे सावकाश फिरवून बघ. खाली फिरवताना पान मधेच वर उडी मारत असेल तर चाकाचं फिरणं मोजणारा एन्कोडर पहिल्या दिवसापासून खराब आहे.

आणि तो जुना डबल क्लिकवाला फेकू नकोस. उजव्या बटणावर आपण डाव्याच्या मानाने फार कमी क्लिक करतो, त्यामुळे त्याचा उजवा स्विच अजून ठणठणीत असेल. तो काढून डावीकडे लाव, डावा उजवीकडे. कॉलेजच्या लॅबमध्ये सोल्डरिंगचं सामान असेलच. हात बसला नाही तरी नुकसान काही नाही, तो माऊस तसाही गेलेलाच आहे.